जलचक्राच्या चित्रात गटार कुठंय?

पाचवीच्या वर्गात 'पाणी कुठून येतं?' असं विचारा, निम्मा वर्ग 'समुद्रातून' म्हणतो. 'आपल्या शाळेच्या नळाला कुठून येतं?' असं विचारा, तीच मुलं 'टाकीतून' म्हणतात. टाकीत कुठून? 'मोटारीतून.' त्याच्या मागे? सगळे गप्प. समुद्र आणि टाकी यांची मुलांच्या डोक्यात गाठच पडलेली नसते. ती घालून देणं हे आपलं काम, आणि हा लेख त्यासाठीच आहे. मी वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. नुकत्याच रुजू झालेल्या, हाती प्रयोगशाळा नसलेल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं चित्र आठवा. डोंगर, समुद्र, एक ढग, तीन बाण. त्यात विहीर नाही, बोअर नाही, धरण नाही, टँकर नाही, गटार तर नाहीच. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेनेसुद्धा आपल्या प्रसिद्ध जलचक्राच्या चित्रात शेतं, शहरं आणि कारखाने आणले ते २०२२ साली. आपल्याकडे जलचक्र एका धड्यात आणि जलप्रदूषण दुसऱ्या धड्यात असतं. मग मुलं पेपरात 'नदीत जनावरे धुऊ नयेत, कपडे धुऊ नयेत' असं लिहितात, आपण पैकीच्या पैकी देतो, आणि सुट्टीत तीच मुलं म्हशी घेऊन नदीवर जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन धडे एकत्र शिकवा. घाण पाण्यावर बसूनच प्रवास करते, आणि पाणी कसं फिरतं ते कळलं की घाण कुठे साठणार हे मुलं आपण होऊन सांगतात.

आधी वेळापत्रक

धडा पुस्तकात जिथे असेल तिथे वाचून घ्या, पण प्रयोग ऋतूप्रमाणे लावा. पाऊस मोजायचा तो जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर. बाष्पीभवनाला ऊन हवं, म्हणजे ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च. मी पहिल्या वर्षी उन्हाचा प्रयोग जुलैत लावला होता. तीन दिवस ढग हटले नाहीत आणि वाटीत थेंबभर पाणी पडलं नाही. नदीवर जायचं ते दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर. विहिरीची पातळी एकदा ऑक्टोबरात आणि एकदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टी लागायच्या आत. एवढं वर्षभर जमणार नसेल तर पहिली आणि चौथी पायरी तरी कराच. त्यांना दोन-दोन तास पुरतात.

पहिली पायरी: नळाच्या मागे चालत जा

आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत सांगून ठेवा आणि गावात पाणी सोडणाऱ्या माणसाची वेळ घ्या. आमच्याकडे त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी मुलांना नदीकाठची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर दाखवली, मोटार दाखवली, उंचावरची टाकी दाखवली आणि पाण्यात टाकायच्या टीसीएल, म्हणजे क्लोरीनच्या पावडरची गोणी उघडून वास दिला. एक हजार लिटरला पाच ग्रॅम हा त्यांचा हिशोब. आमची टाकी पन्नास हजार लिटरची. मुलांनी तिथेच उभ्याने गुणाकार केला: २५० ग्रॅम. मग तात्यांनी ओटी टेस्ट करून दाखवली. छोट्या नळीत नळाचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले, पाणी पिवळसर झालं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेलं लागतं. पिवळं झालंच नाही तर पावडर पडलेली नाही किंवा पाइपात कुठेतरी घाण शिरून तिने क्लोरीन खाल्लेलं आहे. या एका नळीने मुलांची जितकी उत्सुकता चाळवली, तितकी माझ्या तक्त्यांनी कधी चाळवली नव्हती.

ग्रामपंचायतीत पाण्याच्या सर्वेक्षणाचं कार्डही बघून घ्या. लाल, पिवळं की हिरवं? लाल म्हणजे स्रोताला धोका जास्त, हिरवं म्हणजे कमी. सलग पाच वर्षं हिरवं असेल आणि साथ आली नसेल तर चंदेरी.

आता पाण्याचं दुसरं टोक. हे बहुतेक शिक्षक विसरतात, मीही विसरले होते. बेसिनचं पाणी परसबागेत जातं असं मी तीन वर्षं मुलांना सांगत आले होते. चौथ्या वर्षी एका मुलीने विचारलं, 'बाई, बघू या का?' बेसिनच्या जाळीतून झेंडूच्या पाकळ्या सोडल्या, बादलीभर पाणी ओतलं आणि अर्धा वर्ग परसबागेत वाफ्याशी वाट बघत बसला. पाकळ्या आल्या त्या कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याच्या गटारात. मध्ये पाइप कधी फुटला कोण जाणे. मुलं गटाराच्या कडेने पाकळ्यांमागे ओढ्यापर्यंत पळाली. तुम्हीही पाकळ्याच वापरा. रंग मुलांना दिसेनासा होतो, आणि थर्माकोलचे मणी ओढ्यात सोडून प्रदूषणाचा धडा द्यायचा म्हणजे कमाल झाली.

वर्गात आल्यावर हा सगळा रस्ता खडूने फरशीवर काढा: नदी, जॅकवेल, टाकी, नळ, बेसिन, गटार, ओढा, पुन्हा नदी. पुसू नका. पुढच्या प्रत्येक पायरीला त्यात भर पडणार आहे.

दुसरी पायरी: सूर्य काय उचलतो आणि काय मागे ठेवतो

'वाफ पांढरी असते' हा पहिला गैरसमज काढून टाका. किटलीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते, तिथे खरी वाफ असते, आणि ती दिसत नाही. पुढचा पांढरा धूर म्हणजे थंड होऊन जमलेले पाण्याचे कण. ढगही तेच. किटली तुम्हीच हाताळा, मुलं हातभर लांब.

कडुनिंबाच्या पानांनी भरलेल्या फांदीवर सकाळी पारदर्शक पिशवी चढवून तोंड बांधून टाका. दुपारपर्यंत पिशवीच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी जमतं. झाडही पाणी हवेत सोडतं हे सांगायला एवढं पुरे. पिशवी सोडायला विसरू नका.

मुख्य प्रयोग पातेल्याचा. रुंद पातेल्यात दोन इंच पाणी, त्यात मूठभर मीठ आणि बिटाचा रस. मधोमध जड स्टीलची वाटी, काठ पाण्याच्या वर राहील अशी. पातेल्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून सुतळीने आवळून बांधा आणि वाटीच्या बरोबर वर एक छोटा खडा ठेवा. चार तास कडक उन्हात. प्लास्टिकच्या आतून थेंब जमतात, खड्याकडे ओघळतात आणि वाटीत पडतात. वाटीतलं पाणी बिनरंगाचं आणि अळणी. भांडी स्वच्छ असतील, शाईऐवजी बीट वापरलं असेल, तरच चव घेऊ द्या.

खडा सुपारीएवढाच घ्या. आमचा पहिला खडा लिंबाएवढा होता. प्लास्टिक झोळ पडून खाऱ्या पाण्याला टेकलं, वाटीत तेच पाणी गेलं, आणि मुलांनी वहीत निष्कर्ष लिहिला: 'समुद्राची वाफ खारट असते.' निरीक्षणात त्यांची काही चूक नव्हती.

आता खरा प्रश्न विचारा: मीठ आणि बीट कुठे गेलं? पातेल्यातच राहिलं, आणि पाणी कमी झालं म्हणून आणखी दाट झालं. इथे प्रदूषणाचा धडा सुरू होतो. सूर्य पाणी उचलतो, घाण मागे ठेवतो. म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या नदीत तेवढंच सांडपाणी जास्त घातक ठरतं. हवेत गेलेलं पाणी सरासरी नऊ दिवसांत पुन्हा खाली येतं, मागे राहिलेल्या घाणीला मात्र असा परतीचा रस्ता नाही. आठवीच्या मुलांना पुढचंही सांगा: पेट्रोलसारखे काही पदार्थ पाण्याबरोबर उडतात, आणि धुरातले वायू थेंबात विरघळून पाऊसच आम्लधर्मी होऊ शकतो. पाचवीला हे नको, गोंधळ होतो.

तिसरी पायरी: पाऊस मोजा, मग मुरवा

पर्जन्यमापकाला दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली लागते. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बूड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे घालून पाणी ओता आणि जिथे बाटली सरळ होते तिथे शून्याची रेघ मारा. छप्पर आणि झाड यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी पक्की बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचायची. हवामान खात्याचीही हीच वेळ. आमच्याकडे सकाळी साडेआठला शाळा भरलेली नसते, म्हणून शाळेजवळ घर असलेल्या दोघांना पाळीपाळीने काम दिलं आहे.

मग गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. शाळेचं छप्पर १२ मीटर बाय ६ मीटर असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावर १,८०० लिटर पाणी पडलं. सगळं हाती लागत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात घरी टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं मूल हा आकडा ऐकून जागं होतं.

आमच्या सातारा जिल्ह्याइतका पावसाचा चांगला नकाशा शोधून सापडणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढगांना अडवतो, ढग वर चढतात, थंड होऊन घाटमाथ्यावर रिकामे होतात, आणि पलीकडे उतरणाऱ्या हवेत फारसं काही उरत नाही. शिवाय महाबळेश्वरहून निघालेली सावित्री शंभरेक किलोमीटरवर अरबी समुद्राला मिळते आणि तिथूनच निघालेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. डोंगराच्या कुठल्या बाजूला थेंब पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. दुसऱ्या जिल्ह्यात असाल तर तुमचा पाणलोट शोधा. तालुक्याच्या नकाशावर ओढ्याला बोट लावून खाली खाली जायचं.

मुरणारं पाणी दाखवायला काचेची मोठी बरणी घ्या. तळाशी खडी, वर मुरूम, वर माती. हँडवॉशच्या रिकाम्या बाटलीचा पंप काढून त्याची नळी खडीपर्यंत खोचा. हा झाला हापसा. वरून पाणी शिंपडा, मुरू द्या, पंप दाबा. पाणी वर आलं की मुलं ओरडतात. आता बरणीच्या एका कोपऱ्यात मातीवर बिटाचा रस ओता, हा शोषखड्डा. पुन्हा पाऊस पाडा आणि पंप दाबत राहा. पाच-सहा दाबांनंतर गुलाबी पाणी येतं. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते तिच्यात बोलू नका. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १५ मीटर अंतर हवं हे नंतर सांगा. बरणीत आणि आपल्या जमिनीत एक फरक आहे, तोही सांगायला हवा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा. त्यात पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहतं, म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडची बोअर कोरडी जाते, आणि भेग सापडली तर घाणही अपेक्षेपेक्षा लांब पोहोचते.

चौथी पायरी: शेवटच्या बाकाचा ग्लास

याला सामान काहीच लागत नाही. काचेच्या मोठ्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन पहिल्या बाकावर द्या. हा बाक घाटमाथा. प्रत्येक बाक म्हणजे नदीकाठचं एक गाव, आणि प्रत्येकाने पाणी 'वापरून' पुढे द्यायचं: एकजण त्यात चिमूटभर तांदूळ धुतो, दुसरा कपड्याच्या साबणाचा तुकडा बुडवतो, तिसरा शेतातली माती, चौथा थेंबभर तेल, पाचवा निर्माल्याची पाकळी. प्रत्येकाला विचारा, 'तुम्ही कितीसं टाकलं?' उत्तर एकच: 'थोडंसंच.' शेवटच्या बाकाला सांगा, हे तुमचं पिण्याचं पाणी.

दुसऱ्या दिवशी ग्लास उलटा फिरवा. मागचे बाक टाकतात, पुढच्यांना मिळतं. हे चुकवू नका, नाहीतर शेवटच्या बाकावरची मुलं, जी बहुतेकदा तशीही मागेच बसवलेली असतात, कायमची खालच्या अंगाला राहतात.

मग ते पाणी स्वच्छ करायला द्या: धडपा, तुरटी, वाळू, कोळसा, मिळाल्यास निवळीच्या बिया. पाणी बरंच नितळ होतं, मुलं खूश होतात. तेव्हा ते बाटलीत घालून हलवून दाखवा. फेस येतो. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हे त्या फेसापेक्षा चांगलं कुणी सांगू शकत नाही. इथेच फ्लोराइडचंही सांगा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत ते खडकातूनच भूजलात येतं. पाणी काचेसारखं दिसतं, पण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात आणि हाडं बिघडवतं, आणि उकळून जात नाही. उलट पातेल्यातल्या मिठासारखं दाट होतं.

या खेळाला खरं नाव हवं असेल तर भीमेचं घ्या. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात, आणि उजनीचं पाणी सोलापूरला. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ फोफावतं, ते कुजताना जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. पाणी तापलं की प्राणवायू आधीच कमी मावतो, म्हणून मासे मरून तरंगल्याच्या बातम्या बहुधा उन्हाळ्यात येतात.

पाचवी पायरी: नदीवर

आधी कागद: मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांच्या सह्या, दहा मुलांमागे एक मोठं माणूस. वर धरण असेल तर त्या दिवशी विसर्ग नाही ना, याची चौकशी करा. पाण्यात फक्त शिक्षक उतरतील, तेही घोट्यापर्यंत. बाकी दोरी बांधलेली बादली. हातापायावर जखम असलेल्या मुलाने नोंदी घ्यायच्या. परत आल्यावर साबणाने हात.

तीन ठिकाणी थांबा: गावाच्या वर, गटार मिळतं तिथे, आणि गावाच्या खाली. रंग, वास, फेस लिहा. उथळ पाण्यातले गोटे उलटून बघा. गोट्याला चिकटून राहणारे चपटे, पोटाशी कल्ले हलवणारे किडे असतील तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. चिखलात लालभडक बारीक अळ्याच असतील तर तो कमी आहे. त्या अळ्यांचा लाल रंग आपल्या रक्तासारख्याच हिमोग्लोबिनचा असतो आणि त्यावरच त्या तग धरतात. हळद किंवा जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी घालून आम्ल-अल्क बघता येतं, पण नदीच्या पाण्यात बहुधा ढिम्म फरक दिसत नाही. मुलं हिरमुसतात. 'काही बदल नाही' हीसुद्धा नोंद असते, असं म्हणून ती लिहायला लावा.

जीवाणूंसाठी एचटूएस बाटली ग्रामपंचायतीकडून किंवा आरोग्य उपकेंद्रातून मागून घ्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं तर ते दूषित. ही बाटली गटाराच्या पाण्यावर वाया घालवू नका, त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही एक नळाला, एक हापशाला आणि तीन मुलांच्या घरच्या माठांना लावल्या. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली तशीच, आणि माठाच्या तीनपैकी दोन शाईसारख्या काळ्या. तात्यांचं काम चोख होतं. पाणी माठात बुडणाऱ्या हाताने बिघडलं होतं. त्या आठवड्यात गावातल्या दुकानात लांब दांड्याची ओगराळी संपली. बाटल्यांवर नावं न घालता आकडेच घाला, कुणाच्या घरचा माठ काळा निघाला हे वर्गाला कळायची गरज नाही. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा मोहही आवरा. निकाल आधी ग्रामपंचायतीला, आणि पक्कं उत्तर प्रयोगशाळेच्या तपासणीतूनच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून येणारा ई-कोलाय हा जीवाणू एकही चालवून घेत नाही, पण ते बाटलीवरून ठरत नसतं. वापरलेल्या बाटलीत टीसीएल घालून अर्ध्या तासाने तुम्हीच ओतून टाका.

गणपतीचा विषय निघतोच. शाडूचा एक तुकडा आणि प्लास्टरचा एक तुकडा दोन ग्लासांत ठेवा आणि गप्प बसा. शाडू काही तासांत विरघळून तळाशी बसतो, प्लास्टर आठवड्यानंतरही तसंच. घरी कोणती मूर्ती आणतात हे मात्र हात वर करून विचारू नका. मूल घरी जाऊन आजीशी भांडलं तर पुढच्या वेळी आजी त्याला नदीवर पाठवणार नाही.

शेवटी काय तपासायचं

व्याख्या विचारू नका. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून जलचक्राचं चित्र काढून घ्या, जपून ठेवा, आणि शेवटी पुन्हा काढायला लावा. दोन्ही शेजारी ठेवले की गुण आपोआप देता येतात. माझा नियम साधा आहे: चित्रात मुलाचं स्वतःचं घर आहे का, घरात येणारा बाण आहे का, आणि घरातून बाहेर जाणारा बाण आहे का. येणारा बाण सगळे काढतात. आमचं पाणी कृष्णेतून पुढे सांगलीला जातं. गेल्या वर्षी एकीचा बाहेर जाणारा बाण कागदाच्या कडेला जाऊन थांबला होता. विचारलं तर म्हणाली, 'बाई, सांगली मागच्या पानावर आहे, तिथे मावशी राहते.'

पर्जन्यमापकाची वही वर्षाअखेर पुढच्या वर्गाच्या हवाली करा. आमची आता चौथ्या वर्षात आहे. तिच्यात बारा ठिकाणी लिहिलंय, 'शनिवारी बकरीने बाटली पाडली, नोंद नाही.' तेवढी ओळ खोडून अंदाजाचा आकडा घालू नका म्हणून मुलांना बजावा, आणि बाटलीभोवती काटेरी झुडूप लावा.